सरकलेली बेंबी

आई जाऊन महिना झाला होता. तिच्यामागं कुंभार पिंपळगावात सरकलेली बेंबी बसवणारं कुणी उरलं नव्हतं. गालफुगी ओसरता ओसरता लेकीचं पोट दुखू लागलं, तेव्हा कॉलेजात शिकवणाऱ्या शीतलनं आईसारखं तेल लावून ते स्वतःच चोळलं. आर्वी कळवळली, ओकायला लागली.

जालन्याला डॉक्टर म्हणाले, “गालफुगीच्या विषाणूनं स्वादुपिंड सुजलंय. सलाईनवर बरी होईल. पण हे पोट कुणी चोळलं?”

“माझ्या आईनं,” शीतल पटकन म्हणाली. “जुनी माणसं ऐकत न्हाईत, साहेब.”

“आजी तर मेली ना गं, मम्मी!” आर्वी कण्हत म्हणाली.

शीतलची मान खाली गेली. “मीच चोळलं,” ती पुटपुटली. पण डॉक्टरांनी तिच्याकडं बघायचं कधीच सोडलं होतं.