अडतीस फिके तारे

चेतनाच्या सहा वर्षांवर परीक्षकाने एका ओळीत पाणी फिरवलं. तिचे मार्गदर्शक आणि विभागप्रमुख हिंमतराव सरांनी ती ओळ चहा ढवळत वाचून दाखवली. "सर्वांत फिके अडतीस तारे वगळल्यामुळे निष्कर्ष ग्राह्य नाही." पीएचडीचा प्रबंध नामंजूर. म्हणजे जूनमध्ये निघणारी कायम जागाही गेली, आणि तासावर शिकवणं तेवढं नशिबी राहिलं.

तिचा विषय सांगायला सोपा होता. एका जातीचे तारे फुटतात तेव्हा जवळपास सारख्याच तेजाने पेटतात. म्हणून जो फिका दिसतो तो लांबचा. अंतरं कळली की विश्व कधी किती वेगाने पसरलं हे कळतं, आणि त्या पसरण्याला लगाम घालणारं द्रव्य किती आहे तेही. मोठ्या दुर्बिणींचे आकडे कुणालाही मिळतात; त्यांवरून ती हे मोजत होती.

लांबचे काही तारे अपेक्षेपेक्षा फारच फिके निघाले. चेतनाला वाटलं, खराब माल. तिचं बालपण नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर गेलेलं. आई, शोभाबाई, उन्हात बसून लाल ढिगातून फिकी मिरची वेचून काढायची, आणि लेकीच्या हातालाही तेच वळण लागलं होतं. तिने अडतीस तारे वेचून काढले. रेषा छान जुळली. जगाने मोजलं त्याहून द्रव्य जास्त निघालं, आणि सरांना वाटलं, घबाडच हाती लागलं. विश्वाचं पसरणं वाढत चाललंय हे सांगणारे नेमके तेच अडतीस होते, हे दोघांनाही सुचलं नाही.

"सर, तुम्हाला विचारूनच काढले होते."

"विचारलं असशील. सही करताना मी सगळं वाचत बसू?"

प्रबंध पास झाला असता तर याच माणसाने चौकात स्वतःच्या फोटोचा फलक लावला असता. त्याच्या तोंडावर प्रबंध फेकून मारावा असं तिला फार वाटलं. तिने तो पिशवीत घातला आणि एसटीने थेट पथारी गाठली.

"काय झायं व?" आईने विचारलं.

चेतनाने सगळं सांगितलं. "फिका व्हतात ते काढी टाकात मी."

"मंग कोठे ठेवात?"

"कोठेच नही. फेकी दिनात."

शोभाबाईचे हात थांबले. "येडी शेस का तू? फिकी कोनी फेकतस का? आलग गोनीमा भरतस. ती बी ईकाई जास."

आईच्या पाठीमागे विकायच्या फिक्या मिरचीची ती गोणी उभी होती. तिलाच टेकून चेतनाने दहावीचा अभ्यास केला होता. आत काय आहे, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. परीक्षकाची ओळ लागली नव्हती इतकं हे लागलं.

"बस," आई म्हणाली, "देठं खुड."

ती बसली. डोळे भरून आले, पण हात मिरचीत होते. त्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत.