तिप्पट

सूचना फलकावरचा कागद वाचला आणि विशाखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

'श्रीमती मालनबाई यांनी ड्रेसिंग केलेल्या रुग्णांमध्ये जखम न भरण्याचा धोका तिप्पट असल्याचे अभ्यासातून सिद्ध झाले आहे. सबब त्यांना सोमवारपासून लॉन्ड्रीत पाठवण्यात येत आहे.'

खाली अधीक्षक डॉ. विश्वजीत यांची झोकदार सही. आग जास्त लागली ती एका शब्दामुळं. 'तिप्पट' हा शब्द अधीक्षकांचा नव्हताच. तो विशाखाचा होता.

ट्रस्टच्या या दवाखान्यात मधुमेहाच्या पायांचा एक वॉर्ड आहे, आणि तिथल्या आकड्यांचं काम विशाखाकडं. अहवाल इंग्रजीत, पण विश्वस्तांसाठी मराठी सारांश द्यायचाच असा नियम. 'ऑड्स रेशो तीन' या ओळीला ती अडली. मराठीत काय म्हणायचं त्याला? साडेपाच वाजले होते, खुलताबादची एसटी सुटायला आली होती. तिनं लिहून टाकलं, 'धोका तिप्पट', आणि पर्स उचलली. आठ अक्षरंही नसतील. तेवढ्यानं एका बाईचं एकोणीस वर्षांचं काम गेलं.

ती तडक अधीक्षकांच्या केबिनमध्ये शिरली.

"सर, तो कागद काढा. माझी चूक आहे."

"आकडा चुकला?"

"आकडा बरोबर आहे. शब्द चुकलाय. मालनमावशीकडच्या शंभर जणांत साठांच्या जखमा महिनाभरात भरल्या नाहीत, चाळिसांच्या भरल्या. साठ भागिले चाळीस, दीड. बाकीच्यांकडं नव्व्याण्णवांत तेहतीस भरल्या नाहीत, सहासष्ट भरल्या. म्हणजे अर्धा. दिडाला अर्ध्यानं भागलं की तीन येतात. हा न भरलेल्यांचा भरलेल्यांशी भागाकार आहे, धोका नाही. धोका म्हणजे शंभरात किती. तो साठ आणि तेहतीस. दुपटीलाही कमी!"

"म्हणजे जास्त आहेच की," अधीक्षक खुर्चीत रेलले.

"आणि तो तरी का जास्त? वॉर्डात कुणाच्या पायाला वास आला की काय म्हणतात, सर? 'मावशीला हाक मार.' सगळ्या सडक्या जखमा तिच्या वाट्याला, आणि भरत आलेल्या बाकीच्यांना. जखम आली तेव्हा कशी होती, हे आपण कुठं लिहिलंच नाही."

"विश्वस्तांना काहीतरी कारवाई दिसायला हवी. दुरुस्ती पुढच्या अहवालात टाकू. बसा, चहा घ्या."

चहा! विशाखाला वाटलं, टेबलावरचा पेपरवेट उचलावा आणि काचेवर भिरकावावा. गाढवाचा नांगर फिरवायचा आणि वर चहा पाजायचा. ती दार आपटून बाहेर पडली. दार हायड्रॉलिक होतं, तेही धड आपटलं नाही.

वॉर्डात मालनबाई कात्र्या पुसून ट्रेमध्ये मांडत होती, सोमवारी येणाऱ्या माणसाला सगळं जागेवर सापडावं म्हणून. विशाखानं तिला खरं ते सांगितलं, शब्द आपलाच होता हेही.

मालनबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साठ नाय बरे झाले, हे खरं हाय ना?"

"व्हय, मावशी."

"मंग चाळीस झाले, ते कुणी केले? ते कुठं लिवलेत?"

विशाखाला स्वतःचीच चीड आली. चाळीस तिच्या भागाकारात होते, नेमके साठांच्या खाली, आणि सारांशात आणताना तिनंच ते गिळले होते.

सोमवारी अकराच्या सुमारास गंगापूरहून पुंजाराम नावाचा म्हातारा आला. जीपमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. पट्टी सोडली आणि वॉर्डातली माणसं नाकाला रुमाल लावून मागं सरली. जखमेत अळ्या होत्या. नवा ड्रेसर दारापर्यंत गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्याला एकाएकी एक्स-रेचं काम आठवलं. शेवटी अधीक्षकांनी लॉन्ड्रीतून मालनबाईला बोलावणं धाडलं.

"मावशी, एवढी एक करून टाका."

मालनबाई ओले हात पदराला पुसत उभी राहिली. "नाय सायेब. माझ्या हातात तिप्पट धोका हाय. भिंतीवर लावलंय तुमी. ह्या गरिबाला कामून मारता?"

पुंजाराम घाबरून एकदा तिच्याकडं, एकदा साहेबांकडं बघू लागला. अधीक्षकांचा चेहरा लाल झाला. "अरे, तो कागद काढा रे कुणीतरी!"

"काढायचा नाही," विशाखा म्हणाली. तिचा आवाज सगळ्या वॉर्डाला ऐकू गेला. "त्याच्याखाली लिहा. धोका तिप्पट नाही, आणि जखमा सारख्या नव्हत्या. लॉन्ड्रीचा हुकूम रद्द. सही करा."

अधीक्षकांनी फलकापाशी जाऊन उभ्याउभ्याच लिहिलं, भिंतीला टेकून. गणितानं जे झालं नव्हतं ते अळ्यांनी केलं, आणि याचा विशाखाला आनंद होण्याऐवजी संतापच आला.

मालनबाईनं हातमोजे चढवले, स्टूल ओढलं आणि पुंजारामचा पाय मांडीवर घेतला. "घाबरू नगं, दादा." चिमट्यानं पहिली अळी उचलता उचलता ती मान वर न करता म्हणाली, "बाई, ह्यो पाय काय महिन्यात भरायचा नाय. ह्यो बी माझ्याच साठांत धरशील ना?"