वहीतली लेक

अतिदक्षता विभागात बेशुद्ध माणसाच्या उशाशी एक वही ठेवायची पद्धत होती. डॉक्टर, सिस्टर, व्यायाम घेणारी बाई, भेटायला येणारे, सगळ्यांनी त्यात रोज चार ओळी लिहायच्या, म्हणजे शुद्धीवर आल्यावर त्याला हरवलेले दिवस कळतात. चांगलीच कल्पना आहे. पण तिथे बेशुद्ध पडलेल्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे कुणी फिरकेना. थोरल्या सिस्टरने मुलीला तीनदा फोन केला, तिने तिन्ही वेळा ‘बघते’ म्हणून ठेवून दिला. सिस्टरचा जीव तुटला. सहाव्या दिवशी तिने वहीत लिहिलं, ‘आज तुमची मुलगी आली होती. बराच वेळ पाय चोळत बसली.’ मग हात सैल सुटला. एकोणीस दिवसांत लेक वहीत अकरा वेळा येऊन गेली.

घशातली नळी निघाल्यावर घड्याळजींनी वहीचा ध्यासच घेतला. आयुष्यभर केसाएवढे स्क्रू फिरवलेल्या बोटांत चमचाही राहत नव्हता, पण पानं उलटायची म्हणून ती बोटं हलू लागली. व्यायामाची बाई थक्क झाली. सिस्टर मनातून फुलली, खरं सांगायचं टाळत राहिली, आणि तिथेच ती चुकली.

सुट्टी देण्याआधी सगळ्यांनी घरच्यांसोबत बसून पुढचं ठरवायचं, हीही तिथली पद्धत. एकटं राहणं आता घड्याळजींना जमणार नव्हतं. मुलीचं घर नाहीतर निराधारांचा आश्रम, दोनच वाटा होत्या. सही लागणार म्हणून मुलगी आली.

उभ्या जन्मात घड्याळजींनी कुणाची माफी मागितली नव्हती. त्या दिवशी मागितली. तुझ्या लग्नावरून तुला घराबाहेर काढलं, तुझी आई गेली तेव्हाही दार उघडलं नाही, तरी तू माझे पाय चोळलेस, असं म्हणत ते पोरासारखे रडले.

मुलीने वही घेतली, सावकाश वाचली.

“बाबा, मी आज पहिल्यांदा येतेय इथे.” मग नोंदींखालची सही बघून ती सिस्टरकडे वळली. “लेक तुम्ही झालात ना? मग घरीही तुम्हीच न्या.”

तिने आश्रमाच्या कागदावर सही केली आणि पर्स उचलून निघून गेली. डॉक्टर फायलीत डोकं घालून बसले. सिस्टर रडवेल्या आवाजात काहीतरी समजावू लागली, पण घड्याळजींनी वही तिच्यापुढे सरकवली.

“लिहा,” ते म्हणाले. “आज मुलगी घरी घेऊन गेली.”