मोटर मंदावणारी गोळी

गल्लीत मला सातमजली म्हणतात. कारण असं, की एका कारखान्यात पंप दुरुस्त करून मी खटका दाबला, तेव्हा पाण्याची धार थेट सातव्या मजल्यावर गेली आणि तिथे दाढी करत बसलेल्या मॅनेजरच्या तोंडावरचा फेस धुऊन परत खाली आली. चाळीस वर्षं ही गोष्ट मी सांगतोय आणि चाळीस वर्षं बायको आतल्या खोलीतून, शर्टाची काजं करता करता, एकच शब्द टाकते.

"दोन."

"काय दोन?"

"मजले. आणि मॅनेजरला छातीपर्यंत दाढी होती. तो कशाला फेस लावेल?"

माझ्या प्रत्येक गोष्टीला तिने अशी कात्री लावली. मी शंभर माणसं जमवावीत, तिने सहा ठेवावीत. लग्नापासून माझं एक अक्षर तिने खरं मानलं नाही. अपवाद एकच, पंप. पंपाबद्दल मी थाप मारत नाही, हे तिला माहीत होतं. माणसं खोटं ऐकून घेतात हो, पंप तोंडावर गढूळ पाणी मारतो.

तर तिच्या हृदयाची ताकद कमी झाली. पाय सुजले, दोन पायऱ्यांत धाप लागायला लागली. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीहूनही लहान. कागदावर हृदयाचं चित्र काढायला लागल्या, तसं मी म्हटलं, "बाई, हा पंप ना? मग मला नका शिकवू."

"मग माझं काम सोपंच झालं की," त्या हसल्या आणि तीन गोळ्या लिहून दिल्या.

पिवळी गोळी अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी. गुलाबी गोळी रक्तवाहिन्या सैल करणारी, म्हणजे हृदयाला रक्त ढकलताना जोर कमी लागतो. मी मान डोलावली. तळघरातलं पाणी उपसा, पुढचा पाइप रुंद करा. मीही हेच केलं असतं. तिसरी पांढरी. ती ठोके मंदावणारी. थोडीशी सुरू करायची आणि दर पंधरा दिवसांनी वाढवत न्यायची.

"सुरुवातीला थकवा येईल," बाई सांगत होत्या. "घाबरून बंद करू नका. एकदम तर मुळीच नाही. त्रास झाला तर मला फोन करा."

हे मी ऐकलं, पण अर्ध्या कानाने. बाईंना सात मजल्यांची गोष्ट कुठून सुरू करावी, याची मनात जुळवाजुळव चालली होती.

पांढरी गोळी दुप्पट झाली आणि ही पार मलूल झाली. सुईत दोरा ओवताना डोळा लागायचा. मी मनगट धरून ठोके मोजले. नव्वदवरून अठ्ठावन्नवर आले होते.

"अगं, पंप आधीच दमलाय, आणि या बाईने मोटर मंद करून ठेवली," मी म्हटलं. "अशाने टाकी भरेल कधी? ही पांढरी बंद कर."

तिने सुई खाली ठेवली. "नक्की?"

"पंप आहे हा. दुसरं काय आहे?"

"फोन करून विचारू या का बाईंना?"

"त्यांनी आयुष्यात किती पंप उघडलेत?"

तिने पाकिटातून पांढरी गोळी काढली. मग म्हणाली, "ठीक आहे. पंपातलं तुम्हाला कळतं, तेवढं खरं." आणि गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

मुलगी दर रविवारी येऊन गोळ्यांची पाकिटं तपासायची. म्हणून मी रोज एक पांढरी काढून मोरीच्या जाळीतून खाली सोडायचो.

तीन दिवस ही नुसती पळत होती. जिना न थांबता चढली, दोन डझन शर्टांची काजं उरकली. मी नाक्यावर सांगत सुटलो, की डॉक्टरांना जमलं नाही ते मिस्त्रीने केलं. पुढे तिच्या चपला घट्ट व्हायला लागल्या. मग उशाला दोन उशा लागल्या, मग तीन. नवव्या दिवशी भर दुपारी तिला बसल्या जागी श्वास पुरेना.

दवाखान्यात बाईंनी मनगट धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "एकशे तीस? पांढरी गोळी घेत असताना?"

मी हिची उशी सारखी करायला लागलो.

"काका, दमलेल्या हृदयाला शरीर चाबूक मारत असतं. ते धावतं, पण नीट भरायलाच वेळ मिळत नाही. भरलंच नाही तर उपसणार काय? ती गोळी चाबूक काढून घेते. हृदयाला भरायला उसंत मिळते."

चाळीस वर्षं लोकांच्या अंगावर ओरडलोय मी. आधी पंप पाण्याने भरून घ्या, मग चालवा. कोरडा पळवाल तर जळेल. हेच ओरडत आलोय, शब्दाला शब्द.

"गोळी कोणी बंद केली?" बाईंनी विचारलं. शेजारी मुलगी उभी होती.

"विसरते हो हल्ली," मी म्हटलं. तेवढ्यावर थांबावं ना? पण माझी जीभ. "गोळी हातात घेते आणि ठेवते भलतीकडेच. परवा साखरेच्या डब्यात सापडली. त्याच्या आदल्या दिवशी माझ्या चपलेत."

ऑक्सिजनच्या मास्कमागून ही माझ्याकडे बघत होती. चादरीवरचा हात जरासा उचलला गेला. मला वाटलं, आता बोटांनी आकडा दाखवेल. हात परत खाली गेला. बाईंनी कागदावर लिहून घेतलं.

ही वाचली. पण मुलीने तिला आपल्या घरी नेलं आणि गोळ्यांचा डबा कुलपात गेला. मग गॅसपाशी जाणं बंद. मग कात्री काढून घेतली, मग सुई. जी बाई झोपेतही काज सरळ घालेल, ती आता रिकामे हात मांडीवर घेऊन खिडकीशी बसते. तिने मुलीला एका शब्दाने सांगितलं नाही.

परवाच्या रविवारी गेलो. मुलीने गोळी दिली, पाणी दिलं. "जीभ वर कर, आई. गिळलीस ना?" हिने जीभ वर करून दाखवली.

मला ते बघवेना. म्हटलं, "पोरी, ती काही विसरत नाही. गोळी मी बंद केली होती. रोज मोरीत टाकायचो."

मुलगी हसली. "बाबा, तुम्ही? इतक्या गोळ्या मोजून मोरीत? आता कुठल्या मजल्यावर नेणार ही गोष्ट?"

"खरंच सांगतोय. नऊ दिवस टाकल्या."

"आईसाठी अंगावर घेताय, कळतं मला. पण पुरे आता."

"अकरा," ही खिडकीशी बसूनच म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा तिने माझा आकडा वाढवला होता. आणि तो बरोबर होता. शेवटचे दोन दिवस, ती तीन उशांवर टेकून बसलेली असताना टाकलेल्या दोन गोळ्या, मी तुमच्याहीपासून लपवल्या.

"कसले अकरा, आई?" मुलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. म्हणजे, बघा, असंच चालतं तिचं. मग लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "आज वार कोणता, सांग बघू?"

हिने वार सांगितला नाही. माझ्यावरची नजर न काढता तोंड उघडलं आणि पुन्हा एकदा जीभ वर करून दाखवली.