दुसरा सहावा महिना

"एकोणसाठ दिवसांच्या नोंदी घेतल्या, असं लिहिलंयस," पांढऱ्या केसांच्या परीक्षक बाई चष्मा वर सरकवत म्हणाल्या. "आलेखावर ठिपके मात्र तीसच. उरलेले एकोणतीस कुठे गेले, बाळ?"

होउ यी-आनने शेजारी पाहिलं. ज्या छुन-लिंगने त्यांचा समुद्राच्या पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर स्वतःच्या हातांनी जोडला होता, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोघींनी मनातल्या मनात ठिपके मोजले. तीसच! अगं बाई, खरंच तीस!

चेष्टेवारी न्यावं असं हे प्रकरण नव्हतं. छियायी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या सरकारी शाळेत विज्ञान मंडळ म्हणजे इनमीन तीन पोरी, त्यातली एक आज तापाने घरी. मुख्याध्यापक च्युआंग सरांनी सरळ बजावलं होतं, "जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात नंबर आला तर मंडळ राहील. नाहीतर पुढच्या सत्रापासून शुक्रवारचे दोन तास परीक्षेच्या सरावाला." माणूस वाईट नव्हता, पण पालक हात धुऊन मागे लागले होते. कालवं फोडायला बसणाऱ्या बायका तर येता-जाता टोमणे मारायच्या, "समुद्रात तारा सोडून काय माशांची शाळा भरवताय गं?" यी-आनला शुक्रवार म्हणजे जीव की प्राण. बाकीचा आठवडा ती त्या दोन तासांच्या आशेवर ढकलायची.

आणि इथे मदतीलाही कोणी नाही. वशिला नको म्हणून शाळेचं नाव लावायचं नाही, गणवेश घालायचा नाही, परीक्षक फिरत असताना शिक्षकांनी सभागृहात पाऊल टाकायचं नाही. त्यांच्या कुओ बाई काचेच्या दारापलीकडे नखं खात उभ्या होत्या.

"तारखा कशा मांडल्यास?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"तिथीने," यी-आन म्हणाली. "सेन्सर साधीच तारीख टिपतो. पण आमच्याकडे कालवं वाढवायच्या, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या मांडवांवर तारीख विचारतो कोण? आबा, म्हणजे माझे आजोबा, बोटांवर चंद्राची तिथी मोजतात आणि ओहोटी सांगतात. त्यांना समजावं म्हणून मी सगळ्या नोंदी तिथींवर..."

बोलता बोलता ती थांबली. गेल्या उन्हाळ्यात सहावा महिना दोनदा आला होता. अधिक महिना! पहिल्या सहाव्यातला तिसरा दिवस आणि दुसऱ्या सहाव्यातला तिसरा दिवस एकाच खणात जाऊन बसले होते, आणि संगणकाने आगाऊपणा करून दोघांची सरासरी काढून ठेवली होती. शहरातल्या पोरांच्या हातून हा गाढवपणा झालाच नसता. त्यांना आज तिथी कोणती हेच ठाऊक नसतं.

"म्हणजे दोन महिने एकमेकांवर रचलेस," बाई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्यांच्या जोडीचे परीक्षक पुढच्या फळ्याकडे निघालेसुद्धा.

यी-आनला रडू फुटणारच होतं, पण त्याआधी राग आला, तोही स्वतःचाच. "बाई, थांबा!" ती जवळजवळ ओरडलीच. "चूक माझी आहे. पूर्ण माझी. पण मूळ नोंदी वहीत आहेत. पाच मिनिटं द्या."

"तीन देते."

छुन-लिंग वहीतून प्रत्येक दिवसाचं सगळ्यात खालचं पाणी वाचत सुटली आणि यी-आन ठिपके देत सुटली. पहिला महिना निळा, दुसरा लाल. एकही ठिपका चुकत नव्हता. निळी रेघ चढली की लाल चढायची, निळी उतरली की लाल उतरायची. सोळाव्या दिवशी, ऐन पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, लाल रेघ एकदम वर गेली. चार दिवस खाली यायचं नावच नाही.

"नीट वाचतेयस ना गं?"

"डोळे फुटले नाहीत माझे! तूच बघ."

"काय झालं होतं त्या चार दिवसांत?" बाई आता फळ्याला नाक लावून उभ्या होत्या.

"वादळ," छुन-लिंग म्हणाली. "आमच्याकडे आलं नाही, लांबून गेलं. नुसता नैऋत्येचा वारा."

"वाऱ्यानेच पाणी किनाऱ्याशी दाबून धरलं!" यी-आनचा आवाज चढला. "बाई, त्या चारही दिवशी आबा आणि सगळं गाव तिथी बघून होड्या घेऊन गेलं आणि हात हलवत परत आलं. मांडव पाण्याखालीच! सगळे म्हणाले, समुद्राचं डोकं फिरलंय. कसलं फिरलंय? पाणी किती उतरायला हवं ते तिथी सांगते, वाऱ्याने किती अडवलं ते आमचा सेन्सर सांगतो. माझ्या सरासरीने तेच बुजवून टाकलं होतं."

बाई तीन मिनिटं कधीच विसरल्या होत्या. "अहो, मागे फिरा," त्यांनी जोडीदाराला हाक मारली. "हे बघितल्याशिवाय जाऊ नका." मग दोघांनी मिळून प्रश्नांची अशी सरबत्ती केली की विचारू नका, आणि पोरींनी एकही प्रश्न खाली पडू दिला नाही.

चार वाजता निकाल लागला. पृथ्वीविज्ञान, पहिला क्रमांक. कुओ बाई, ज्यांचा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचत नसे, त्या एवढ्या मोठ्याने किंचाळल्या की रखवालदार धावत आला. छुन-लिंग हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. यी-आनच्या छातीत आनंद मावत नव्हता.

तेवढ्यात कुओ बाईंच्या फोनवर च्युआंग सर आले. "होउ! शाब्बास पोरींनो! मंडळ राहिलं म्हणून समजा. शुक्रवारचे दोन तास तुमचे, कोणी हात लावणार नाही."

यी-आनने फोन जवळ ओढला.

"सर, दोन तास पुरत नाहीत. बुधवारचेही द्या."

कुओ बाईंनी डोळे वटारले. मग पलीकडून सरांचं गडगडाटी हसू ऐकू आलं.

"घे, बये, घे! बुधवारही घे!"