फुंकून काढलेली चरबी

नानाजींच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध फुंकारीबाबा बसले होते आणि त्यांच्यापुढे काचेच्या पेल्यात नितळ पाणी होते. नानाजींनी पपईच्या देठाची पोकळ नळी त्यात बुडवून फुंकायला सुरुवात केली. बघता बघता पाणी दुधासारखे पांढरे झाले आणि बायकांनी हात जोडले.

“देखो, काळजाची चरबी, सारी बाहर,” बाबा म्हणाले. “खाओ, फुंको, मौज करो. डॉक्टर जीभ बांधतो, हम काळीज धोते है.”

नानाजी आमच्या गावचे जुने मालगुजार, म्हणजे जमीनदार. मालगुजारी गेली, पण ताट होते तेवढेच राहिले. मागे छातीत कळ येऊन ते कोसळले, तेव्हा चांद्याच्या डॉक्टरांनी बजावले होते की तूप, मटण, तळण आवरा. भाजी, डाळ, जवसाची चटणी खा आणि शेतावर पायी जा, पुढची कळ झेपायची नाही. नानाजींना थोडी सवलत हवी होती. आंधळा मागतो एक डोळा, तसे झाले, बाबा भेटले. रोज कोंबडे कापले जाऊ लागले आणि त्यातली तंगडी बाबांच्या पानात पडू लागली.

एके दिवशी नानाजींची बायको सुगंधाबाई शाळेत आली.

“गुरुजी, मले एक गोष्ट पटून नाई राह्यली. रश्शावरचं तूप वर तरंगते. मंग आमच्या यायची चरबी पेल्याच्या बुडाशी काऊन बसते?”

मी हसलो, पण तिचे डोळे भरले होते. मी विड्याचा चुना पाण्यात कालवला, गाळ खाली बसू दिला आणि वरचे निवळलेले पाणी पेल्यात घेऊन नानाजींच्या अंगणात गेलो, तेव्हा बाबांभोवती गर्दी होतीच. नळी दिली गुरे राखणाऱ्या लटारूला.

“याच्या अंगात कुठची चरबी?” कोणीतरी म्हणाले. “थो तं आंबिलीवर जगते.”

लटारूने फुंकले. पाणी पांढरेफटक.

“पिछले जनम की चरबी है,” बाबा म्हणाले. लोक हसायला लागले.

“पाणी शाळेतलं हाय, बाबा,” मी म्हणालो. “चुन्याची निवळी. कोणाच्याही श्वासानं पांढरी होते. हा खडूसारखा गाळ हाय, चरबी नाई.”

बाबांना एकाएकी सिरोंच्याच्या भक्तांची आठवण झाली आणि त्यांनी झोळी उचलली.

अंगण रिकामे झाले. नानाजी तसेच बसून होते.

“मंग गुरुजी, मी एवढं खाल्लं, थे गेलं कुठी?”

“कुठीच नाई गेलं, नानाजी. तुमच्यातच हाय.”

त्यांचा हात छातीवर गेला. सुगंधाबाईने भाकर, भाजी आणि जवसाची चटणी त्यांच्यासमोर ठेवली.

“चमत्कार नाई पायजे मले,” ती म्हणाली. “तुमी पायजे.”

नानाजींनी चटणीला लावून भाकरीचा घास घेतला.

वाचकहो, असे काही दिसले तर हात जोडण्याआधी विचारा, हे झाले कसे? विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो बाबा.