रेवताबाईची मोड

घनश्यामच्या पितळी भांड्यांच्या कारखान्याची भट्टी थंड पडून पाच महिने झाले होते. तापलेलं होतं ते फक्त रिताचं डोकं. रिता म्हणजे त्याची सून, आणि त्या घरात बेरीज जमणारी एकटीच. कारखाना, मशिनी, भंडाऱ्यातलं दुकान, सगळं विकलं तरी बँकेचे आणि नागपूरच्या पत्रेवाल्याचे मिळून अठ्ठावीस लाख उरत होते. वकील भय्याजींनी दिवाळखोरीचा अर्ज लिहून दिला होता. सोबत, ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्यांची यादी. महिना झाला, कागदावर सही तेवढी नव्हती.

घनश्याम सोमवारी करतो म्हणाला, मग अमावस्या आडवी आली, मग चष्मा सापडेना. रिताचा नवरा कुलदीप वरठीच्या कारखान्यात डबल ड्यूटी करायचा. पैशासाठी कमी, हा विषय टाळण्यासाठी जास्त. सासू शकुनबाई म्हणायची, तीन पिढ्यांत आमच्याकडे असं झालं नाही. स्वतःचे पाटल्या-गोफ मात्र तिनं दोन वर्षांआधीच तुमसरला बहिणीकडे पोचते केले होते. घरात दूरदृष्टी नव्हती असं नाही, ती फक्त वाटून घेतली नव्हती.

मग रिताला पेट्रोल दिसलं. दुकान बंद, आणि माणूस महिन्यात एकोणीसशेचं पेट्रोल जाळतो. तिनं सासऱ्याला सरळ धरलं.

तेव्हा गोदामातल्या मोडीची, म्हणजे लोकांच्या जुन्या भांड्यांची, गोष्ट बाहेर निघाली. ज्या घरी लग्न असेल ते घर वर्षभर आधी जुनी, पोचकी भांडी आणून द्यायचं. लग्नाच्या वेळी तेवढ्याच वजनाची नवी न्यायची, वर फक्त मजुरी द्यायची. पावती कोणी मागत नसे. भांड्यावर कोरलेलं नाव हीच पावती. घनश्याम वजन वहीत लिहायचा, नगामागे शंभर ग्रॅम काजळी-मातीची काट कापून. ही काट त्याच्या आजोबाच्या काळापासूनची होती. अशी अडतीस घरांची मोड पडून होती. अर्ज गेला की गोदामाला कुलूप, आणि लोकांची भांडी कारखान्याची म्हणून लिलावात. म्हणून हा बाप्या एकेक नाव वाचून गावोगाव परत करत फिरत होता.

"मग यादीत का नाही लिहीत त्यांना?"

"बँकेचं नाव चालते," घनश्याम म्हणाला. "लोकाईचं नाव दिवाळखोराच्या कागदावर कायले टाकू? एकच रायला, आंबागडच्या रेवताबाईचा पाण्याचा गुंड. तो दिला का सही."

'दिला का' या शब्दांवर रिताचा भरवसा उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज पिशवीत घालून ती त्याच्या गाडीवर मागं बसली.

रेवताबाई अंगणात मासोळ्या तोलत होती. तिचा नवरा तलावात जाळं टाकायचा, आणि पोरगी डिंपल हिचं लग्न वैशाखात होतं. घनश्यामनं पाणी भरायचा तो जुना गुंड पुढं ठेवला आणि कारखाना बुडाल्याचं सांगितलं. रेवताबाईनं गुंडाला हात लावला नाही.

"मी मोड दिली ते नव्यासाठी. पोरीच्या लग्नात हा पोचका ठेवू का?"

नवा होणे नाही, असं घनश्याम खाली पाहून म्हणाला. अर्जाचंही सांगितलं, ज्यांचं देणं आहे त्यांची नावं त्यात जातात, म्हणून तुझं नाव त्यातून वाचवायला आलो, बाई.

"बँकेचं नाव लिवता, माहं काहून नाही?" रेवताबाई म्हणाली. "मी का कमी दिलं तुमाले? लिवा."

रितानं तिला खरं ते सांगितलं: वर्षं लागतील, आणि हाती आलं तर रुपयातले चार आणे येतील.

"येतीन तेवा येतीन. नाव तं रायते."

घनश्यामनं गुंड उचलून तिच्या मासोळीच्या काट्यावर ठेवला. चार किलो तीनशे. वहीत होतं चार दोनशे. "तीनशे लिव," तो सुनेला म्हणाला.

"रकमेचा रकाना आहे, मामाजी. वजनाचा नाही."

"मंग रकान्याच्या भायेर लिव."

रितानं दात आवळून समासात लिहिलं: रेवताबाई, आंबागड, गुंड एक, ४.३०० किलो. त्याखाली घनश्यामनं उपड्या टोपलीवर कागद ठेवून सही केली. चष्म्याशिवाय.

परतताना गुंड रिताच्या मांडीवर होता आणि साडीला मासोळीचा वास लागला होता. जी सही पहिल्याच दिवशी होऊ शकली असती तिला महिना गेला, पेट्रोल गेलं, आणि सदतीस घरांना कोणी विचारलंही नव्हतं की तुम्हाला काय पाहिजे. नाक्यावर घनश्यामनं गाडी हळू केली.

"सूनबाई, आजोबापासून शंभर-शंभर ग्रॅम, किती झालं असन?"

रितानं सवयीनं बेरीज सुरू केली आणि दुसऱ्या पिढीशीच सोडून दिली.

"गाडी चालवा, मामाजी," ती म्हणाली. "वकिलाचं ऑफिस एक वाजता बंद होते."